आरपार शर्ट आणि एक खुर्ची

५ मे
मालकीणबाई दुकानात स्टाइलिस्ट नेमणार. आमच्यातूनच. झिरझिरीत कापड रोजच्या वापरात कसं घालायचं, हे सोमवारी जो अंगावर घालून दाखवेल तो. स्टाइलिस्टला बसायला खुर्ची. शर्टांच्या काउंटरवर वर्षानुवर्षं उभं राहून माझ्या गुडघ्यांची पार वाट लागलीय. खुर्ची माझीच.

स्पर्धक एकच, मोज्यांच्या काउंटरवरचा मोजेवाला. आरपार म्हणजे काय, हे त्याला काय कळणार? अजून काचेच्या दारावर डोकं आपटतो. कीव येते.

६ मे
पांढऱ्या, झिरझिरीत व्हॉइलचा शर्ट शिवायला टाकला. टेलरनं विचारलं, अस्तर कुठलं लावू? अडाणी.

७ मे
गिऱ्हाईकं म्हणजे निव्वळ मेंढरं. एका बाईंना तासभर समजावलं की नेटच्या टॉपखाली अंगाच्या रंगाची स्लिप घाला, म्हणजे ती दिसत नाही. रुमाल घेऊन गेल्या.
संकल्प: सोमवारपर्यंत रात्रीचं जेवण बंद.

७ मे, जेवणानंतर
उद्यापासून बंद. उपाशीपोटी डोकं चालत नाही.

९ मे
अंगाच्या रंगाचा बनियन मिळाला! ट्रायल रूममध्ये पोटाला लावून शेड जुळवली. मोजेवाल्यानं नेमका पडदा सरकवला. फिदीफिदी हसला. कलेतलं ओ की ठो कळत नाही.

घरी हिला दाखवला. ही म्हणाली, पांढराच घाला, निदान आत काही घातलंय हे तरी कळेल. अगं, ते न कळणं हीच तर स्टाइल! इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून ही प्रगती. गुडघ्यांना तेल मात्र छान चोळते.

११ मे, सकाळ
आरशात पाहिलं. बनियन साफ नाहीसा. पोटसुद्धा (श्वास रोखला तर).

११ मे, दुपार
शोकेसच्या दिव्यांखाली उभा राहिलो. एका बाईंनी नवऱ्याचे डोळे झाकले. मालकीणबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, आधी आत काहीतरी घालून या. घातलंय म्हणालो. कुणाला पटेना. शेवटी शर्ट वर केला आणि बनियन चिमटीत धरून ताणून दाखवला. त्यांना वाटलं, मी पोटाची कातडी ताणतोय. नवऱ्याचे डोळे झाकणाऱ्या बाई किंचाळल्या.

मोजेवाल्यानं धावत येऊन माझ्या अंगावर टॉवेल टाकला. मालकीणबाई म्हणाल्या, याला म्हणतात लेअरिंग.

१२ मे
खुर्ची मोजेवाल्याला. रेलून बसतो आणि सांगतो, झिरझिरीत शर्टाखाली पांढरा बनियन घाला, म्हणजे घातलाय हे कळतं. आमच्या हिचंच म्हणणं! मेंढरं माना डोलावतात आणि बनियन घ्यायला माझ्याकडे येतात.

बनियन माझ्या काउंटरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात असतात. दिवसभर उठबस केली. गुडघे फार दुखतायत.
ही तेल गरम करतेय.