ओठांवरचं ‘थांब’

३ नोव्हेंबर, सोमवार

म्हणाले मी! माइकवर, सगळ्यांसमोर, चांगलं खणखणीत — "थांब!"

आणि काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नव्हतं!

लिहून काढते, त्याशिवाय डोकं ठिकाणावर यायचं नाही. विमान वेगाच्या पायऱ्या चढत होतं. दर पायरीला वैमानिक दांड्याला टिचकी मारतो, शेपटी थरथरते, आणि ती थरथर विरताना माझ्या पडद्यावर दिसते. पटकन विरली की पुढची पायरी. रेंगाळली की धोका. आणि विरायच्या ऐवजी वाढत गेली तर शेपटी फडफडून तुटते — मग कुणाच्या हातात काही राहत नाही. आज शेवटून दुसऱ्या पायरीला एका रेषेने विरायचं नावच घेईना. मी माइकचं बटण दाबलं. वैमानिकाने तत्क्षणी वेग पाडला आणि विमान सुखरूप खाली आणलं.

तपासलं तर काय, शेपटीवर चिकटवलेल्या सेन्सरपैकी एक सुटत आलेला. शेपटी शहाण्यासारखी जागेवर होती, थरथरत होता तो सेन्सर! आणि नेमके आजच मागच्या रांगेत मंत्रालयाचे पाहुणे. त्यातला एक शेजाऱ्याला म्हणाला, "बाई घाबरल्या वाटतं." हळूच म्हणाला, म्हणजे मला नीट ऐकू येईल इतपत हळू.

लेक जन्मायच्या आधीपासून मी या विमानाच्या मागे आहे. आज त्याच्यासमोरच नाक कापलं गेलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मोठ्या साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही — चढवला असता तर बरं वाटलं असतं. "तुमच्यावर राग नाही हो. पण मंत्र्यांच्या टेबलावर दुसरी फाइल पडलीय. बाहेरच्या देशाचं विमान. तयार, रंगवून उभं. आपल्याला अजून एक उड्डाण मिळालंय. तेही अर्धवट राहिलं तर गाशा गुंडाळायचा."

मग नवा नियम. एकट्या सेन्सरचं ऐकायचं नाही. दोन सेन्सरनी एकाच वेळी तक्रार केली तरच ‘थांब’. "पटतंय ना?" मी मान डोलावली. नुसती मान नाही, खाली सहीसुद्धा ठोकली. काल जिची अब्रू गेली तिने आज काय वाद घालायचा?

हँगरमध्ये डोकावले. सेन्सरवाला शेपटीखालून हात पुसत बाहेर आला. "चिकटवला, ताई. असा चिकटवलाय, विमान जाईल पण हा जायचा नाही!" स्वतःच जीभ चावली त्याने. मी हसले. बऱ्याच वेळाने हसले.

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर अहवाल. कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. बसलं असतं तर मीच उठले असते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज घरी एक प्रकार झाला.

आमच्या कंट्रोल रूममध्ये ‘थांब’ हा शब्द एरवी कुणी उच्चारत नाही. दम धर, जरा बस, घाई नको — काय वाट्टेल ते म्हणा, पण ‘थांब’ नाही. तो फक्त माइकवर, फक्त वैमानिकासाठी, आणि म्हणायचा हक्क एकटीचा — माझा. तो ऐकला की त्याने आधी वेग पाडायचा, कारण मागून विचारायचं. इतक्या वर्षांत शब्द जिभेला असा जड झालाय की घरीही निघत नाही.

संध्याकाळी लेक चेंडूमागे रस्त्यावर धावली, वळणावरून ट्रक. आणि मी काय ओरडले? "अगं ए! अगं ए, अगं!" ती ऐकतेय कशाला! शेवटी नवऱ्याने मागून "थांब!" म्हणून गर्जना केली तेव्हा पाय रोवले तिने.

चेंडू ट्रकखाली फुटला. नवरा म्हणाला, "तो शब्द ऑफिसच्या मालकीचा आहे का गं?" लेक रडता रडता हसायला लागली. मी हसले नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

वैमानिक आला होता, बायकोला घेऊन. तिला सातवा महिना. आम्ही सगळे त्याला ‘गुणगुण्या’ म्हणतो — टेस्टच्या वेळी त्याचा माइक सतत उघडा, आणि हा पठ्ठ्या वर जाऊन गुणगुणत बसतो. सूर म्हणाल तर बेताचाच. पण त्याची गुणगुण चालू असली की खाली आमचा जीव भांड्यात पडतो.

मी त्याची माफी मागायला लागले तर हात जोडले त्याने. "ताई, असलं काही बोलू नका. तुम्ही म्हणालात, मी वेग पाडला. परत म्हणा, परत पाडेन. मला वर काय दिसतं? आभाळ आणि घड्याळं. शेपटी तर माझ्या पाठीमागे. तिच्या बाबतीत तुमचा आवाज हेच माझे डोळे."

"आणि तुला स्वतःला काही जाणवलं तर?"

"तर बोलेनच की! मी काय मुका आहे?"

त्याची बायको मला भांडी आवरू लागत होती. नको म्हटलं तरी ऐकेना. म्हणाली, "खरं सांगू? उड्डाण असलं की मी घड्याळाकडे बघत नाही. ताई खाली बसल्यात ना, मग झालं."

या पोरीला काय सांगू? की ताईंना आता स्वतःच्याच डोळ्यांची खात्री वाटत नाही?

१२ नोव्हेंबर, बुधवार

अंतराळ विभागातून फोन. माझ्या जुन्या साहेबांचा. माणसं घेऊन जाणारं यान बांधतायत. रॉकेट बिघडलं तर अंतराळवीरांना बाहेर फेकून वाचवणारी यंत्रणा — तिची प्रमुख हवी आहे. "तुझंच नाव डोक्यात आहे. फक्त हे एवढं उड्डाण धड पार पडू दे. समितीत लोक विचारतात, त्या ‘थांब’वाल्या बाई त्याच का म्हणून."

‘थांब’वाल्या बाई! छान. नाव पडलं तर.

पण जायचंय मला. खोटं कशाला बोलू, फार जायचंय. तिथे निर्णय यंत्र घेतं. कुणाच्या जिभेवर काही नसतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रंगीत तालीम. सगळे आपापल्या पडद्यांसमोर, खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल. आणि दारातून चहावाला — "साहेब, थांबू का जाऊ?"

सगळ्या माना एकदम वळल्या. बिचाऱ्याच्या हातातली किटली डचमळली. मोठे साहेब ओरडले, "जा! आणि परत ते बोलू नकोस!" "काय बोलू नको?" कोण सांगणार! खोलीत इतकं हसू फुटलं की तालीम पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

माझं मात्र बोट बटणावर गेलं होतं, आपोआप.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उद्या. हवा स्वच्छ. देव पाण्यात घालून बसलेत सगळे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

झालं. पार पडलं!

मागे तेच पाहुणे, त्याच खुर्च्या. त्याची गुणगुण सुरू झाली आणि खांदे जरा सैल पडले. पहिल्या पायऱ्या लोण्यासारख्या. टिचकी, थरथर, विरली. टिचकी, थरथर, विरली.

शेवटून दुसरी पायरी. तीच! टिचकी. आणि तोच सेन्सर — नव्याने चिकटवलेला — त्याची रेषा रेंगाळली. मी दुसऱ्याकडे पाहिलं. तो स्वच्छ. एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो चल. नियम सांगतो, चल. बोट बटणावर. शब्द अगदी ओठांवर. पाठीमागे कुणाची तरी खुर्ची करकरली, आणि तो ‘बाई घाबरल्या’ कानात असा वाजला, जणू आत्ताच कुणी म्हटलं.

तेवढ्यात गुणगुण बंद पडली.

बंद म्हणजे मध्येच, ओळ तोडून. आता बोलेल. काही असलं तर बोलेलच की — मुका आहे का तो? तो बोलला नाही. मी आवंढा गिळला. शब्दही गिळला त्याच्याबरोबर.

मग त्याचा आवाज आला, कोरडा, कामापुरता — "पुढची पायरी घेऊ?"

"घे," म्हणाले मी.

शेवटची पायरी. टिचकी. रेषा रेंगाळली, रेंगाळली — आणि विरली. वेग कमी करताना गुणगुण परत सुरू झाली. खोलीत टाळ्यांचा नुसता कडकडाट! मोठे साहेब लहान मुलासारखे रडत होते. मीही रडले. का ते नीट सांगता येत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज दिवस माझा होता. का म्हणून लपवू, मजा आली! ज्याने मला घाबरट ठरवलं, तोच पाहुणा हात पुढे करून आला. "बाई, तुम्ही खंबीर निघालात. कुणी दुसरं असतं तर परत ओरडलं असतं." आणि मी — मी लाजले चक्क! अंतराळ विभागाचा होकारही दुपारीच आला. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं.

वैमानिक जिन्यात भेटला. विचारलंच — "काल मध्येच गाणं का तोडलंस रे?"

"घसा कोरडा पडला होता, ताई."

"एवढंच?"

"एवढंच." हसला. पण नेहमीसारखा थट्टेला थांबला नाही, दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

असेल. कोरडा पडला असेल घसा. माझा नव्हता का पडला?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सोमवारी मंत्र्यांसमोर उड्डाण. तोच वेग, अगदी जमिनीलगत — लोकांच्या डोक्यावरून. वैमानिक तोच. माइकवर मात्र माझा मदतनीस. मला पाहुण्यांबरोबर बसवणार आहेत. लेकीला नवे बूट हवेत त्या दिवसासाठी.

मंत्र्यांना विमान चकचकीत हवं म्हणे. रंगाऱ्याने सांगितलं, शेपटी जागेवर असताना सांध्यात रंग नीट बसत नाही. म्हणून उद्या ती उतरवणार. मोठे साहेब कुरकुरले — रंगासाठी कुणी शेपटी उतरवतं का! मग उतरवा म्हणाले. मंत्र्यांपुढे कुणाचं चालतंय?

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेपटी ज्या कडीवर बसते ती कडी तडकली आहे. जवळजवळ आरपार, जेमतेम नखाएवढा धातू शाबूत. तडा जुना आहे — आत गंज चढलाय. तोच सेन्सर बरोबर तड्यावर चिकटवलेला. तो आपोआप सुटत आला नव्हता. त्याच्याखालची कडी हलून हलून त्याला सोडवत होती. पहिल्या दिवशी मी बरोबर होते.

हँगरमध्ये मी आणि वैमानिक, दोघंच उरलो. तो कडीकडे बघत होता, माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला.

"त्या दिवशी पायाखाली जाणवलं होतं मला, ताई. चांगलं जाणवलं. पण तुम्ही गप्प होतात. म्हटलं, ताई गप्प आहेत म्हणजे ठीक असणार."

"आणि मी म्हटलं, तू गप्प आहेस म्हणजे ठीक असणार."