व्याह्यांची जपानी बाटली

तीर्थस्वरूप भावोजींस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्षात घातला तर उठवायला माणूस लागेल, अशी सध्या कंबर आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? पथ्य तुम्ही पाळता, की तुमच्या वतीने ताईच पाळते? आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण मागच्या रविवारपासून माझी छाती धडधडायची थांबलेली नाही. आडवळणाने सांगायला गेलो तर धीर सुटेल, म्हणून एकदाच लिहून टाकतो. भावोजी, मी थुंकलो. लेकीच्या होणाऱ्या सासरी, भर दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत थुंकलो.

आता पहिल्यापासून सांगतो. लेकीने स्वतःच पसंत केलेला मुलगा तुम्हाला फोटोत दाखवलाच आहे. त्याच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. माणूस सज्जन, पण समोरच्याकडे असा बघतो की आपलं नाक जरा डावीकडे सरकवून बसवावं असा त्याचा विचार चालला आहे असं वाटतं. घरात सगळं जागच्या जागी, काचेचं आणि लखलखीत. (आमच्या सौ.ने पर्स कुठे ठेवावी हे न कळून मांडीवरच धरली.) चष्म्यांच्या जुन्या कपाटात मधोमध, खास दिवा लावून, एक बाटली उभी होती. जपानी व्हिस्की. मुलगा कंपनीच्या कामाने पहिल्यांदा परदेशी गेला तेव्हा वडिलांसाठी घेऊन आला होता, आणि तेव्हापासून दुकानात चष्म्याची काडी बदलायला आलेल्या माणसालासुद्धा ती वर नेऊन दाखवली जायची. अमोल वस्तू, लग्न ठरेल त्या दिवशीच फोडायची, असा व्याह्यांचा पण होता. तो दिवस म्हणजे मागचा रविवार.

मी कधी दारू प्यायलो नाही हे तुम्ही जाणताच. (तुमच्या लग्नात मी सरबतावर झिंगलो होतो, ते वय वेगळं.) पण व्याह्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मी चहाच्या कंपनीत चव बघणारा आहे. झालं. पहिला घोट मुलीच्या वडिलांनीच घ्यायचा आणि निर्णय सांगायचा, असं त्यांनी जाहीर केलं. ग्लास हातात आला. आणि भावोजी, मी हादरलो तो इथूनच. मला वाटलं होतं रॉकेलसारखा भपकारा येईल, तर वास आला मधाचा, पिकलेल्या नाशपातीचा आणि अगदी मागून नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा. इतका सालस वास आल्यावर मी कुठे बसलो आहे हेच विसरलो आणि हात आपोआप कामाला लागले.

आमच्या चाखणीच्या खोलीत पांढऱ्या वाट्यांची रांग असते. चमचाभर चहा तोंडात असा ओढायचा की चादर फाटल्यासारखा आवाज व्हावा, तो जिभेवर फिरवायचा आणि लगेच पिकदाणीत टाकायचा. गिळायचा नाही. आयुष्यभर मी असंच केलं आहे. तर त्या काचेच्या घरात मी चादर फाडली. विहीणबाई दचकून अर्ध्या उठल्या. आणि मग सोफ्याशेजारच्या कुंडीत, नेम न चुकता, मी टाकून मोकळा झालो. (नेमाबद्दल आमच्या ऑफिसात माझं नाव आहे.) कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं हे मला मागून कळलं. माती नसल्यामुळे ते सगळं खालून पाझरून गालिच्यावर आलं.

सौ.च्या हातातली पर्स खाली पडली. इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण इतकी शांतता आमच्याकडे निर्णय ऐकण्यासाठीच होते. तेव्हा मी निर्णय दिला. म्हटलं, मिश्र माल आहे, तीन-चार ठिकाणचा तरी असावा, अंगाने हलका, शेवट लवकर संपतो, पण मेळ फार सुरेख जमवला आहे, रोजच्या खपाचा उत्तम माल. लेकीने माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं ती म्हणते आहे, बाबा, अजून सांगा. म्हणून पुढे म्हणालो की स्वस्तात इतकं चांगलं मिश्रण बसवणारा कारागीर मोठाच असला पाहिजे. भावोजी, आमच्या धंद्यात याहून मोठी स्तुती नाही. एकाच मळ्याचा चहा बक्षीस मिळवतो, पण कंपनी जगते ती रोजच्या मिश्रणावर. मात्र समोर होणाऱ्या जावयाचा चेहरा पांढराफटक पडला होता. बिचाऱ्याने पहिल्या पगारात बसली ती बाटली आणली होती. महाग आहे असं तो एकदाही म्हणाला नव्हता. वडीलच म्हणत गेले, आणि त्यांचा आनंद मोडायला त्याला जीभ रेटली नाही. हे लेकीला ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

व्याह्यांनी भिंग आणलं आणि बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. अख्ख्या गावाला नजर तपासायच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचायला लावणाऱ्या माणसाने ते आजवर वाचलंच नव्हतं. वाटलं, मोडलं लग्न, लेकीचं सोन्यासारखं स्थळ मी कुंडीत घालवलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “स्वस्त आहे ते राहू द्या. माझ्या मुलाने आणलेली वस्तू तुम्ही थुंकलात का?”

मी कसंबसं सांगितलं की मला जे जे आवडलं ते मी थुंकतच आलो आहे, कारण पोटात गेलं की पुढच्याचा न्याय करता येत नाही. ते म्हणाले, “आज पुढचं कुणी नाही. ही एकच आहे. गिळा.”

मी गिळली. भावोजी, छातीत निखारा उतरला, पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. चव गळ्याखाली गेल्यावरही चालूच राहते. मध खाली जाऊनही मागे राहतो, जरा वेळाने परत येतो. इतकी वर्षं दर वेळी मी ऐन वेळेला उठून गेलो होतो, असं वाटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं (जाळ हो, दुसरं काही नाही), आणि ते बघून व्याहीच विरघळले. मला मिठी मारली, मुलाच्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाले की ह्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारी वस्तू माझ्या मुलाने आणली. लग्न ठरलं.

लोभ आहे तसाच ठेवावा, आणि ताईला यातलं झेपेल तेवढंच सांगावं.

आपला,
मेहुणा

ता. क. : खरं काम राहिलंच. लग्नाच्या जेवणाआधी सगळ्या नातेवाइकांसमोर मी तीच व्हिस्की पुन्हा चाखायची, असं व्याह्यांनी ठरवून टाकलं आहे. आपल्या घराण्यात या विषयातले जाणकार तुम्ही एकटेच. तेव्हा चार दिवस आधी या आणि डोळ्यांत पाणी न आणता गिळायचं कसं, तेवढं शिकवा.

ता. क. दुसरा : येताना बाटली आणू नका. उरलेली व्याह्यांनी मलाच दिली आहे. सरावाला पुरेल असं वाटलं होतं, पण आता थोडी आणलीत तरी चालेल.

ता. क. तिसरा (सौ.कडून) : भावोजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ह्यांना काही शिकवू नका. मी समोरच बसले होते. व्हिस्की गिळली तेव्हा ह्यांचे डोळे ठणठणीत कोरडे होते. लगेच मागोमाग विहीणबाई लेकीला म्हणाल्या, “आता हे घर तुझं,” तेव्हा पाणी आलं. ते पत्रात लिहायचं राहिलेलं दिसतंय. रोज संध्याकाळी चमचाभर घेऊन लेकीच्या खोलीच्या दाराशी बसतात, आणि आता थुंकत नाहीत. तुम्ही चार दिवस आधी याच, नुसते शेजारी बसा.