आप्पा, या वेळी आम्ही आधी माणसं मोजली

प्रिय आप्पा,

तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली, पण तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसलं की राग यायचा. आज लिहितेय, कारण मंगळवारी आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये पुन्हा अमोनिया सुटला आणि या वेळी मशीनरूमची जबाबदारी माझ्यावर होती.

हो, मी तिथंच काम करते. सांगलीला आयटीआय केलं आणि तुमच्याच कॉम्प्रेसरसमोर येऊन उभी राहिले. आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. पण तासगावचा बेदाणा गार ठेवायचा तर अमोनिया लागणारच. मग त्याला ओळखणारं माणूस तिथं नको का?

तुमचा तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. फौजेतून आलेले तुम्ही, भ्यायचं कसं ते ठाऊकच नव्हतं. पाइप फुटला तसे तोंडाला ओला टॉवेल बांधून आत शिरलात आणि बेशुद्ध पडलेल्या दगडूमामांना खांद्यावर घालून बाहेर आणलंत. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तुकाराम आतच हाय." तुम्ही परत गेलात. तुकाराम तर केव्हाच मागच्या दारानं निसटून पलीकडच्या द्राक्षबागेत जाऊन बसला होता. कुणी माणसं मोजलीच नव्हती, आप्पा. आत नसलेल्या माणसाला शोधताना तुम्ही गेलात.

गावानं तुम्हाला शूर म्हटलं. मीही म्हणते. पण ओला टॉवेल पळून बाहेर येण्यापुरता असतो, आत शिरायला नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं का? की माहीत असून गेलात?

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बायका शेडमध्ये बेदाणा निवडत होत्या. आमचा ऑपरेटर संतोष अमोनियाच्या टाकीखालून साचलेलं तेल काढत होता आणि व्हॉल्व्ह परत बंदच होईना. तेलामागून अमोनिया उसळला. संतोषच्या डोळ्यांत गेला, तरी तो चाचपडत बाहेर आला. मी बाहेरच्या भिंतीवरचं बटण दाबून मशीनं थांबवली, भोंगा वाजवला आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या छपरावरच्या कापडी नळीकडं पाहिलं. वारा फाटकाच्या दिशेनं होता. पांढरा ढग तिकडंच सरकत होता आणि बायकाही सवयीनं तिकडंच निघाल्या होत्या.

"फाटकाकडं न्हाई, बाजूनं वळसा घ्या. वारं जिकडनं येतंय तिकडं चला, बागेकडं."

त्या वळल्या. दोघींनी संतोषला बागेतल्या नळाखाली धरलं. तो म्हणत होता, "बास झालं आता." त्या म्हणत होत्या, "पंधरा मिन्टं म्हंजे पंधरा मिन्टं." त्याचा भिजलेला शर्टही त्यांनीच उतरवला.

दगडूमामा आता फाटकावर वॉचमन आहेत. हजेरीची वही काखेत मारून, लांबचा वळसा घेऊन ते बागेत आले आणि एकेक नाव वाचू लागले. प्रत्येक नावाला ओ येत होती. मग ते म्हणाले, "शालन."

ओ आली नाही. शालनमामी म्हणजे त्यांचीच बायको. त्यांनी नाव पुन्हा वाचलं.

"जाकिटं ठेवाय गेलती," एकीनं सांगितलं. थंड खोलीत घालायची जाकिटं ठेवतो ती खोली मशीनरूमला लागूनच आहे.

मामांनी वही माझ्या हातात दिली आणि गळ्यातला टॉवेल नळाखाली धरला. मी त्यांचं मनगट पकडलं.

"सोड पोरी. तुजा बा माज्यासाठी इचार करत बसला न्हवता."

"म्हणूनच ते आज न्हाईत, मामा." मला थांबता आलं नाही. "आप्पा चुकले. तुमाला काढलं, ते नशिबानं निभावलं. पर न मोजता परत गेले, ती चूक. मामीला मी आणती, पर हवेची टाकी लावून."

ते मटकन खाली बसले. ज्याला तुम्ही वाचवलंत, त्याच्यासमोर मी तुम्हाला चुकलात म्हणाले.

मशीनरूममधल्या महावीरनं आणि मी हवेच्या टाक्या पाठीवर घेतल्या. त्यानं माझा मास्क तपासला, मी त्याचा. तिसरा एकजण तयार होऊन बाहेर थांबला. मामा टक लावून बघत होते आणि मी पट्टे आवळत होते. घाई केली असती तर मास्कच्या कडेनं वायू आत शिरला असता आणि आम्हालाच कुणीतरी उचलून आणावं लागलं असतं.

आत आपलाच हात दिसत नव्हता. भिंतीला धरून गेलो. जाकिटांच्या खोलीचं दार बंद होतं आणि खालच्या फटीत ओली जाकिटं गच्च कोंबलेली होती. मामी कोपऱ्यात, ओला पदर नाकाला लावून, खोकत बसल्या होत्या. त्यांना बाहेर पडण्यापुरता चालणारा सुटकेचा मास्क चढवला आणि बाहेर आणलं. मग महावीर आणि मी परत जाऊन अमोनियाच्या टाकीचा मागचा व्हॉल्व्ह बंद केला. बंब आला तेव्हा मी एवढंच सांगितलं की फवारा ढगावर मारा, खाली सांडलेल्या अमोनियावर पाणी नको, तो आणखी उसळेल.

दवाखान्यात मामी म्हणाल्या, "दार उघडलं तर समदं पांढरं. तू दर म्हैन्याला सांगतीस तेच केलं. दार लावलं, कळशीतल्या पाण्यानं जाकिटं भिजवून फटी बुजवल्या, गप बसले." दोन दिवसांत त्या घरी आल्या. संतोषची नजरही शाबूत आहे.

काल दगडूमामा आपल्या घरी आले. मला वाटलं, रागावले असतील. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "धा वरसं वाटायचं, आप्पा माज्यापायी गेलं. कुणाला तोंड दाखवू वाटायचं न्हाई. ते मोजलं न्हाई म्हणून गेलं, व्हय?"

"व्हय, मामा."

ते रडले, आप्पा. तुमच्या दहाव्यालाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. हे मी त्यांना आधीच का सांगितलं नाही?

आता आजूबाजूच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांनी मला त्यांच्याकडं शिकवायला बोलावलंय. मी जाणार आहे. तुमची गोष्ट पहिल्यांदा सांगणार, खांद्यावरच्या दगडूमामांसकट आणि चुकीसकट. तुमच्यावरचा राग आता उरलेला नाही. तुम्ही काय विचार करून परत गेलात, ते मला त्या दिवशी बागेत कळलं. माझेही पाय तसेच ओढ घेत होते.

मंगळवारी मी घरी आले तेव्हा केसांना अजून वास होता. आईला तो दारातच कळला. तिनं पाणी तापवलं, बादली ठेवली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "समदी भाईर आली?"

"व्हय."

"तूबी?"

मी तिच्यासमोर उभी होते, तरी तिनं विचारलं. आप्पा, एवढं वचन देते. पुन्हा कधी अमोनिया सुटला, तरी या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी स्वतः घरी येईन.

तुमची,
वैशाली