मेल्किओर झ्विकी याला काहीही न देण्याबाबत

मी, कॅस्पर लुशिंगर, वय एक्क्याऐंशी, धंदा चीज करण्याचा, राहणार एल्मर्स व्हॅली, विस्कॉन्सिन, गुडघे सोडून बाकी सर्व धड असताना आणि कोणाच्याही धाकाविना, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. शेजारच्या चीज कारखान्याचा मालक मेल्किओर झ्विकी याचा मी जन्मभर हेवा केला. हे वाक्य वकीलबाईंना गैरलागू वाटते. ते राहू द्यावे.

१. राहते घर सामानासह माझी एकुलती मुलगी लिडिया हिला मिळावे. तिची आई रोझिना हिचे अ‍ॅकॉर्डियनही तिलाच. याच घरात, याच टेबलावर, रोझिना मला वाढता वाढता म्हणत असे, "बघ, झ्विकीला कसं सुचतं!"

२. मासे धरायची काठी ज्याला हवी त्याने न्यावी. ती कोरी आहे. चीज झाल्यावर उरणारी निवळी आम्ही सगळेच ओढ्यात सोडत असू. ओढा घाण मारू लागला होता. झ्विकीने ती डुकरे पाळणाऱ्या वेंगरला देऊ केली. वेंगरचा चारा वाचला, झ्विकीची कटकट गेली, आणि ओढ्यात पुन्हा ट्राउट मासे आले. गावाने मासे खाल्ले आणि गुण झ्विकीचे गायले. मी त्या माशांना आजवर तोंड लावलेले नाही.

३. कारखाना. शहरातली बडी कंपनी तो विकत घेऊन बंद पाडायला टपली आहे. झ्विकीला गावचे सगळे दूध पेलत नाही; मग दूधवाल्यांनी उरलेले कुठे न्यायचे? म्हणून तो माझ्याकडे चीज करणारी भावंडे डोलोरेस व एफ्रेन ऑर्नेलास यांना द्यावा, आणि त्यांनी हे उरलेले सगळे दूध घ्यावे, असे मी ठरवले. त्यांना धंदा, दूधवाल्यांना गिऱ्हाईक, गावाला गाव. झ्विकीला मुद्दाम बिअर प्यायला बोलावून हे ऐकवले.

"बेत झकास आहे, कॅस्पर," तो म्हणाला. माझी छाती फुगली. "पण लिडियाच्या हातात काय?"

"घर आहे की तिला."

"म्हणजे कारखाना गेला आणि पोरीला जुनं छप्पर. उद्या ती कोर्टात गेली तर तिचं काय चुकलं? मग डोलोरेसलाही काही नाही आणि दूधवाल्यांनाही नाही. मोठेपणा तुझा, भुर्दंड तिला. हा कसला सौदा?"

"तू गप रे!"

"बरं बाबा, गप बसतो. सँडविच खा."

मी सँडविच टाकून घरी आलो. त्याच्यावर कुरघोडी करण्याच्या नादात मी पोटच्या पोरीला विसरलो, आणि हे त्याच्याच तोंडून ऐकावे लागले, याने माझा अजून जळफळाट होतो.

सबब, कारखान्याखालची जमीन लिडियाची राहील. तेथे चीज होत आहे तोवर भावंडांनी तिला भाडे द्यावे, म्हणजे कारखाना चालावा असे तिलाही वाटेल. "हे चालेल, बाबा," असे ती म्हणाली आहे. कोणी सुचवले ते मी तिला सांगितलेले नाही.

४. चीज करायची तांब्याची मोठी कढई, जी माझ्या वडिलांनी स्वित्झर्लंडहून आणली. झ्विकीने ती दोनदा मागितली आणि मी दोनदा नाही म्हटले. आता ती त्यालाच द्यायची होती. माया म्हणून नव्हे. एकदा तरी तो माझा मिंधा व्हावा म्हणून.

पण भावंडांना दूध घालण्याचा शब्द द्यायला दूधवाले अडून बसले. "झ्विकीची सही असली तर आमचा भरवसा." माझ्या कारखान्याला, माझ्या मृत्युपत्राला, त्याची सही!

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला कढई दिलीत तर लोक म्हणतील, सही विकत घेतली. काय ते एक ठरवा."

मी सही ठरवली. हे कलम रद्द. कढई कारखान्यातच राहील.

साक्षीदारांना मजकूर दाखवावा लागत नाही. तो मी मेल्यावर मोठ्याने वाचला जाईल, तेव्हा कढई आपली होता होता राहिली हे झ्विकीला कळेल. त्याची चुटपुट त्याला मरेपर्यंत लागो. निदान एका गोष्टीसाठी तरी तो माझ्यासारखा जळेल.

लिहून देणार: कॅस्पर लुशिंगर (सही)

साक्षीदार:
१. मेल्किओर झ्विकी (सही)
२. अ‍ॅग्नेस वेंगर (सही)

एल्मर्स व्हॅली, ९ ऑक्टोबर २०१४