घसरलेले मोजे

गुदैबिया (आखात), गुरुवार संध्याकाळ

वेल्सचा कुणी थोर रग्बीपटू वारला, म्हणून आमचे वेल्सचे साहेब आज ऑफिसात रडले. "मोजे घसरलेले, चिखलानं माखलेले, आणि हा तिघांना चकवून पळतोय!"
मी विचारलं, "सर, मॅच बघायला तुम्ही कुठं बसला होता?"
"मी? माझा जन्मही झाला नव्हता. डॅड सांगायचे."

मग रडायचं कशाला? हसूच आलं मला. पण घरी आले तरी ते मोजे डोक्यातून जाईनात. वसईला चर्चच्या मैदानात पप्पांनी मारलेला गोल मीही सगळ्यांना असाच सांगते, घसरलेल्या मोज्यांसकट. पप्पा गेले तेव्हा मी पाळण्यात होते.

मम्मीला फोन केला. म्हणाली, "कसले मोजे? तुझे पप्पा अनवाणीच खेळायचे."

मग इतकी वर्षं मला दिसतात ते पाय कुणाचे?