टँकर आला अन् शंख सांडले

गारखेडा, शनिवार, २३ एप्रिल २०१६

चिरंजीव कडुबास थोरल्या बहिणीचा सप्रेम जय भीम. (सत्तरीचा झालास तरी माझ्यापुढं चिरंजीवच.) केसरबाईचे गुडघे कसे आहेत? तुझी तब्येत विचारत नाय. जयंतीला आला नाहीस, तरी जेवणाचा डबा मागवून घेतलास, त्यावरून बरी दिसती. फोनवर नको ते ऐकलं की तुला ऐकूच येत नाय, म्हणून पत्र. लिहून घेतीय माझी नात सुलेखा. गल्लीतला साहेबराव उद्या तुझ्या अजिंठ्याला येतोय, तो आणून देईल.

तर सुलेखाचं असं, की समुद्राच्या पार तळाला, जिथं उजेड पोचत नाय, तिथं जमिनीतून उकळतं पाणी निघतं. (इथं नळाला आठ दिवसांनी येतं, तिथं रोज, तेबी तापवून.) त्या पाण्याशेजारी गोगलगाई राहतात, काही शंखवाल्या, काही नुसतं टोपीसारखं कवच घातलेल्या. कोण कुणाच्या भावकीतलं, हे ठरवायची तिची पीएचडी. टोपी सारखी म्हणून घराणं एक, असं नसतं म्हणे. दात बघावे लागतात. तुझे चारच राहिलेत, तुला कुठं घालावं हा लई मोठा प्रश्न.

तिनं नव्वद रिकामी कवचं माझ्या अकरा वाट्यांत लावली होती, प्रत्येक वाटीखाली नावाची चिठ्ठी. सोमवारी तिचे सर घरी येऊन तपासणार. त्यांनी मान डोलावली तरच तिचं काम पुढं सरकणार. काल ती कॉलेजात, अन् गल्लीत टँकर आला. हंडे भरून झाले तरी पाइप ठिबकत राहतो. ते ठिबकणं काय रस्त्याला पाजायचं? मी अकराच्या अकरा वाट्या सुपात ओतल्या अन् रिकाम्या वाट्या घेऊन पळाले. (थांबू नको सुलेखा, लिही.) मागनं डाळ निवडावी तसं सगळं निवडून परत लावलं. चिठ्ठ्या मात्र पंख्यानं उडाल्या होत्या, अन् मला वाचता येत नाय, तेव्हा जिथं हात गेला तिथं ठेवल्या.

व्हय, पोरीला हे आत्ता लिहितानाच कळतंय. लिहिताना तिचा हात गुंतलेला असतो, म्हणून आत्ताच सांगितलं.

तुझी पारूअक्का (खाली अंगठा आहे, शाई सांडली समजू नको)

ता. क. सोमवारी पहिल्या एसटीनं ये, अन् सरांना सांग की टेबलाला तुझा धक्का लागला. जन्मभर ह्याचं त्याचं सांडत आलास, कुणी शंका घेणार नाय.

पुन्हा ता. क. सांगतीय मीच, पण हे शेजारची आशाबाई लिहितीय. सुलेखा रडली नाय. एकेका कवचाचा फोटो तिच्या फोनात आहे, त्यावरून तिनं अन् मी सगळी लावून घेतली. पण काल निवडताना तीन टोप्या मी निराळ्या काढल्या होत्या, आत गोगलगाय चिकटलेली असते तिथला वण वेगळा दिसला म्हणून. तिच्या फोटोत त्या बाकीच्यांतच आहेत. अर्धा तास झाला, भिंग लावून बसलीय, हाक मारली तर ओ देत नाय. तरीबी तू ये. चूक निघाली तर सांडलं तू, अन् खरं निघालं तर निवडलं मी.