कोरड्या खडूच्या सत्तावीस नोंदी

प्रति,
मा. भूजल अधिकारी,
भूजल मोजणी कार्यालय.

विषय : शाळेमागील निरीक्षण कूपनलिकेच्या सत्तावीस खोट्या नोंदी रद्द करून वरची वस्ती पाणीटंचाईच्या यादीत कायम ठेवण्याबाबत.

संदर्भ : ‘पाणीपातळी स्थिर असल्याने वरच्या वस्तीचे नाव वगळण्याचे प्रस्तावित आहे’ हे आपले पत्र.

महोदय,

१. मी निम्नस्वाक्षरीकार व्यवसायाने शिंपी. सात वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयाने पाणी मोजण्यासाठी माझी निवड केली, कारण गावात टेप नीट धरणारा मीच, असे सर्वांचे मत पडले. मलाही ते पटले होते. महिन्यातून एकदा मोजायचे; पद्धत सोपी आहे. टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप नळीत सोडायचा, वर ओढायचा आणि खडू कुठवर भिजला ते पाहून आकडा लिहायचा. पहिला आकडा २१.४० मीटर होता आणि तो खरा होता.

२. पाणी पुढे दरवर्षी खाली गेले. हवामान बदलले हे मला दुकानातच कळले होते. जाड अस्तराचे कोट शिवून घ्यायला येणारी माणसे निम्म्यावर आली. पूर्वी डोंगरावर बर्फ साचायचे आणि वसंतात थेंबथेंब विरघळून जमिनीत मुरायचे. आता त्याच दिवसांत पाऊस पडतो आणि तासाभरात ओढ्यातून खाली पळतो. मुरायला त्याला फुरसतच नाही. वरच्या वस्तीचा झरा यातच आटला.

३. पाचव्या वर्षी टेप पूर्ण तीस मीटर सोडला आणि खडू कोरडा वर आला. परत सोडला, परत कोरडा. तक्त्यात ‘पाणी लागले नाही’ असा रकाना नव्हता. शेरा लिहायला जागा होती, हे मान्य करतो. पण शिंप्याला साधे माप घेता येत नाही असे कार्यालयात कुणी म्हणेल, या भीतीने हात धजेना. मी ३०.०० लिहिले. लांब टेप पाठवा म्हणून एक पोस्टकार्ड टाकले असते तर भागले असते. मी मागितलाच नाही, त्यामुळे कारकुनांकडे बोट दाखवायची सोय नाही.

४. तीन महिने ३०.०० लिहिल्यावर ते मलाच खोटे दिसू लागले. म्हणून मी २९.९०, मग २९.९५, मग पुन्हा २९.९० असे लिहीत गेलो. लाज वाटते सांगायला, पण शेवटी शेवटी मी कूपनलिकेचे झाकणही उघडत नव्हतो. मशीनवर बसूनच आकडा टाकत होतो. बाही आखूड झाली तर गिऱ्हाईक तोंडावर कपडा फेकते. इथे मात्र कार्यालयाने मला ‘उत्कृष्ट निरीक्षक’ असे प्रमाणपत्र दिले! ते मी दुकानातल्या आरशाशेजारी लावले.

५. माझी धाकटी बहीण वरच्या वस्तीत राहते. खाली रस्त्यावर थांबणाऱ्या टँकरचे पाणी वर वाहून नेताना ती घसरली आणि तिचे मनगट मोडले. प्लास्टरवरून बाही जाईना म्हणून ती उसवून घ्यायला दुकानात आली. मी माप घेत असताना तिने प्रमाणपत्र वाचले आणि म्हणाली, “अगंबाई, दादा, पाणी अजून तूच मोजतोस होय? मग आमचं नाव का काढतायत रे? तुझ्या ओळखीनं जरा सांग ना त्यांना.” तिला माझा काडीचाही संशय आला नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. मी बाही उसवून दिली.

६. महोदय, आपल्या सोमवारच्या बैठकीत नाव वगळले गेले की वस्तीचा टँकर बंद होईल. ते नाव माझ्या आकड्यांनी वगळले जाते आहे. तरी सत्तावीसही नोंदी रद्द कराव्यात, वस्तीला यादीत ठेवावे आणि हे काम माझ्याकडून काढून घ्यावे. ‘माझे नाव गुप्त ठेवावे’ अशी एक ओळ येथे होती, ती मी खोडली आहे. हा अर्ज बैठकीत मोठ्याने वाचावा. बहीण वस्तीतर्फे येणार आहे. मी तिच्या शेजारी बसेन, म्हणजे निदान तेवढा वेळ मला उठून जाता येणार नाही.

७. काल मी टेपला कापडी पट्टी जोडून पुन्हा मोजले. दहा मीटर जोडली, खडू कोरडाच. आणखी पाच जोडली. पाणी ४३.६० मीटरवर लागले. शाळेचे मुख्याध्यापक समोर उभे होते.

शिक्षा द्याल ती मान्य करणारा,
आपला,
(सही)
शिंपी, शाळेसमोरील दुकान
मंगळवार, बैठकीच्या सहा दिवस आधी

सोबत :
(१) प्रमाणपत्र, चौकटीतून काढून.
(२) मुख्याध्यापकांच्या सहीचा कागद.
(३) टेप आणि त्याला शिवलेली पट्टी. आपल्यापर्यंत पोचेतो ती वाळलेली असेल, म्हणून खडू जिथवर भिजला तिथे लाल दोऱ्याने टाका घातला आहे. कृपया या वेळी आपण स्वतः मोजावे.